हेलेनाबाईची अनामत

शुक्रवार पेठेतली मगदूम ड्रेपरी बंद होणार, हे कळल्यावर गावानं चार दिवस हळहळ केली आणि मग तिथं मोबाईलचं दुकान येणार की बिर्याणीचं, यावर वाद घालायला सुरुवात केली. गावाचं हे असंच असतं. याच दुकानातून तीन पिढ्यांनी गॅदरिंगला मावळ्यांचे अंगरखे, पऱ्यांचे पंख आणि रावणाची जादा तोंडं भाड्यानं नेली होती. निम्म्यांनी ती फाडून, वर आमटीचे डाग पाडून परत आणली होती. आता म्हणे सगळं ऑनलाइन मिळतं. एकदा घालायचं आणि टाकून द्यायचं. टाकून द्यायच्या मावळ्याला कसला आलाय रुबाब, पण सांगणार कुणाला?

दुकानाची मालकीण त्रिशला मगदूम कुणालाच सांगायला गेली नाही. अठ्ठ्याहत्तरीला टेकलेली, बिनलग्नाची, दुकानावरच्या माडीत एकटी राहणारी ही बाई सगळ्या पेठेची आक्का होती. कपडे भाड्यानं देणं हे तिचं काम, असं लोक समजत. तिचं खरं काम पाठीचे हूक लावून देणं हे होतं. "पाठ कर," असं ती म्हणाली की पोरगी गपकन वळायची, आणि आक्काच्या बोटांखाली हूक, बंद, नाड्या सगळं जागच्या जागी बसायचं. आज आजी झालेल्या बायकासुद्धा रस्त्यात थांबून सांगत, आक्का, तुमची बोटं पाठीला अजून आठवतात. सांगत आणि रिक्षात बसून निघून जात.

आता दुकान मोकळं झालं होतं. पंचकल्याणक पूजेत इंद्र-इंद्राणी होणाऱ्या जोडप्यांसाठी ठेवलेले मुकुट तिनं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देऊन टाकले. बाकीचा माल इचलकरंजीचा एक ड्रेपरीवाला टेम्पोत कोंबून घेऊन गेला. पुण्याचा भाचा पारस तिला न्यायला येणार होता. पोरगं वाईट नव्हतं. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, खिडकीतून बाग दिसते म्हणून फोटो पाठवला होता. पण आक्का किल्ली सोडायला तयार नव्हती.

"एक वस्तू परत द्यायची हाय," ती फोनवर सांगायची. "ती दिली की मी मोकळी."

"आत्या, ज्यांची आहे ते लोक आता असतील तरी का?"

"ते मला काय ठावं? वस्तू हाय की."

ती वस्तू म्हणजे काचेच्या कपाटात सगळ्यात वर ठेवलेला एक पांढरा फ्रॉक. पांढरा तो पूर्वी होता, आता दुधावरच्या सायीसारखा झाला होता. वरचा चोळीचा भाग अंगासरशी घट्ट, त्यात छत्रीच्या काड्या शिवून ताठपणा आणलेला. खाली जाळीचे थरावर थर, कमरेपासून पिंढरीपर्यंत फुगत गेलेले. जाळी बघितली की जाणत्याला कळायचं, ही मच्छरदाणी आहे. अस्तर पॅराशूटच्या कापडाचं. आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत बारीक हुकांची रांग. कमरेला सुतळीनं एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला, त्यावर खिळ्यानं ठोकून अक्षरं काढलेली: अनामत.

या बिल्ल्याची गोष्ट सांगायला त्रिशलाच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. शांतिनाथ मगदूम, ज्यांना ती आण्णा म्हणायची, त्यांनी दुकान काढलं तेव्हा नाटकं करणाऱ्या पोरांकडे रोख कुठली? नेसरीकडची, जोतिबाकडची मंडळी यायची, राजाचा डगला न्यायची आणि बदल्यात डोईचा पटका नाहीतर पितळेची कळशी ठेवून जायची. आण्णा त्या वस्तूला बिल्ला बांधून वर ठेवत. नियम कडक होता. बिल्ला असलेली वस्तू वापरायची नाही, विकायची नाही, तिच्यावर धूळ बसू द्यायची नाही. डगला परत आला की कळशी परत. सगळ्यांच्या वस्तू यथावकाश गेल्या. हा फ्रॉक तेवढा राहिला.

तो होता हेलेनाबाईंचा. महायुद्धात घरदार गमावलेली पोलंडची माणसं तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. आज जिथं गांधीनगरचा कापडबाजार आहे, तिथंच. युद्ध संपलं तरी त्यांना जायला जागा नव्हती, म्हणून आणखी काही वर्षं ती तिथंच होती. हेलेनाबाई छावणीतल्या पोरींना बॅले शिकवायच्या आणि नाचाचे कपडे हाताला लागेल त्यातून शिवायच्या. रिबिनी, हूक, जुनी लेस असलं काही मिळतं का बघायला त्या टांग्यानं आण्णांच्या दुकानी यायच्या. घेरदार फ्रॉक, कंबर आवळलेली, डोक्याला रुमाल. त्यांच्या कपड्याचा थाट बघायला म्हणे समोरचा सोनारसुद्धा पेढीवरून उठायचा. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा ठार कळत नव्हती. पण त्रिशलाच्या आईचं, अव्वाचं आणि त्यांचं खुणांवर मस्त चालायचं. त्रिशला तेव्हा पाळण्यात होती. दुकानातच पाळणा टांगलेला असायचा.

एक दिवस अव्वानं दुकानातली एक जरीकाठाची नऊवारी काढून हेलेनाबाईंना नेसवली, कुंकू लावलं, ओटी भरली. बाई ती नेसूनच हसत हसत टांग्यात बसल्या. आण्णा मनात म्हणाले, नेली भाड्यानं. आणि दुसऱ्या दिवशी हेलेनाबाईंनी येऊन हा फ्रॉक गल्ल्यावर ठेवला, खूप काही बोलल्या, पाळण्यातल्या पोरीचा गालगुच्चा घेतला आणि डोळे पुसत गेल्या. आण्णांनी बिल्ला बांधला. दुसरं करणार काय? साडी गेली, फ्रॉक आला; हिशोब त्यांच्या दृष्टीनं सरळ होता.

पावसाळा गेला तरी बाई आल्या नाहीत, म्हणून आण्णा सायकल मारत छावणीत गेले. बराकींतून पोलंडची माणसं निघून गेली होती आणि फाळणीनं घर सुटलेली सिंधी माणसं तिथं चुली मांडत होती. आण्णा फ्रॉक पिशवीत तसाच घेऊन परत आले. साडी गेल्याचं त्यांनी कधी नावसुद्धा काढलं नाही. घोर लागला तो वेगळाच. "आमची साडी गेली तर जाऊ दे," ते म्हणायचे. "त्या बाईचा कपडा आमच्याकडं ऱ्हायला, हे वाईट झालं."

त्रिशला दहाएक वर्षांची झाली तेव्हा तिला त्या फ्रॉकनं वेड लावलं. नवी सिनेमाची मासिकं येत होती, त्यांत नट्या असलेच घेरदार फ्रॉक घालून दिसायच्या, आणि इथं घरातच कपाटात तो होता. शिडी लावून ती वर चढायची आणि काचेला नाक लावायची.

"आण्णा, येकदाच घालू?"

"तुला दिलाय का त्यो कुणी?"

"न्हाय."

"मग न दिलेलं घेतलं तर त्याला काय म्हणत्यात?"

"चोरी," ती म्हणायची. बस्तीत शिकवलेलंच होतं.

"मग खाली उतर."

ती उतरायची. आधी शिडीवरून उतरली, मग पुढं सगळ्याच गोष्टींवरून. नाच शिकायचा राहिला. भाऊ शिकून पुण्याला गेला. अव्वा गेली. आण्णांना लकवा झाला तेव्हा दोन स्थळं दारात होती, पण दुकान कोण बघणार, आण्णांना कोण बघणार, म्हणून ती माणसं चहा न पिताच परत गेली. आण्णांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हते. तरी शेवटच्या दिवसांत त्यांनी कपाटाकडे बोट केलं होतं. "देतो, आण्णा," ती म्हणाली होती. "आलं कुणी की देतो."

त्यावर सगळं आयुष्य गेलं. दर उन्हाळ्यात ती फ्रॉक बाहेर काढायची, सावलीत वारा द्यायची, मऊ धोतराच्या कापडात परत गुंडाळायची. डांबराच्या गोळ्या घरात चालत नसत, किडे मरतात म्हणून. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा घालायची. पुढं पुढं ती त्याच्याशी बोलू लागली. आज नाईकाच्या पोरीनं पंख मोडून आणले बघ. आज कुणीच आलं नाही. एकट्या माणसाला कुणीतरी येणार आहे, एवढंसुद्धा पुरतं. तिच्याकडे कुणीतरी येणार होतं, आज ना उद्या, पार समुद्रापलीकडून, आणि ते दार वाजवून तिच्याचबद्दल विचारणार होतं. पेठेत कितीजणींना असं कुणी होतं?

छावणीत राहून गेलेल्यांची मुलं-नातवंडं अधूनमधून कोल्हापुरात येत. शेजारची अपूर्वा कॉलेजात इंग्रजी शिकवायची. असल्या पाहुण्यांना फिरवायला तिलाच बोलावत. दुकान बंद करायचं ठरल्यावर आक्कानं तिला फ्रॉकचा फोटो काढू दिला. अपूर्वानं तो त्या पाहुण्यांना पाठवला. आणि ज्याची कुणालाच खात्री नव्हती ते झालं. इंग्लंडमधून बार्बरा नावाच्या बाईंचं उत्तर आलं: हे माझ्या आईचं काम आहे. मी मार्चमध्ये भारतात येते आहे.

आक्का त्या दिवशी पहाटेपासून कामाला लागली. फ्रॉकवर हलकी इस्त्री फिरवली, नवा मलमलचा तुकडा आणला. रिकाम्या दुकानात खुर्च्या तीनच राहिल्या होत्या, त्या मांडल्या. अपूर्वाला तिनं आधीच बजावलं, "साडीचं काय काढू नगं हं. आपला कपडा त्यांनी परत दिला न्हाय, असं त्यांस्नी वाटाय नको."

बार्बरा सत्तरीच्या पुढच्या होत्या. उंच, गुडघा दुखत असावा, काठी टेकत आल्या. फ्रॉक बघितल्यावर जाळीचा एक थर उचलून त्यांनी आतली शिवण बघितली, हुकांवरून बोट फिरवलं, आणि मग त्यांचं रडं थांबेना. आक्कानं पाणी दिलं. इतकी वर्षं तिच्या खांद्यावर असलेलं ओझं आता उतरणार होतं, आणि खांद्याला ते उतरायला नको होतं. हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं फ्रॉक मलमलीत गुंडाळला, दोन्ही हातांनी पुढं केला. "तुमची अनामत. आण्णांनी सांभाळली, मी सांभाळली. आता न्ह्या."

अपूर्वानं ते सांगितलं. बार्बरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, अपूर्वानं उत्तर दिलं, पुन्हा विचारलं. मग अपूर्वा आक्काकडे वळली, आणि तिचा आवाज खाली आला.

"आक्का, त्या म्हणतात, ही ठेव नाही. त्यांच्या आईनं हा दिला होता."

"कुणाला?"

"तुम्हाला. पाळण्यातल्या पोरीला. मोठी झाली की घालायला."

आक्कानं पुढं केलेला फ्रॉक परत छातीशी घेतला.

बार्बरा आता सांगू लागल्या, आणि अपूर्वा मागोमाग मराठीत सांगत गेली. हेलेनाबाई साडीला भेट समजल्या होत्या. कपाळाला कुंकू लावून, पदरात नारळ घालून कुणी भाड्यानं कपडे देतं का? म्हणून त्यांनी आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू आणून दिली. छावणीतल्या शेवटच्या नाचासाठी रात्री जागून शिवलेली. मग त्या इंग्लंडला गेल्या. तिथं युद्धानंतरही कापड कुपनावर होतं, बायका जुने पडदे फाडून झगे शिवत होत्या. आणि फॅशन आली होती भरपूर घेराच्या फ्रॉकची. घेराला कापड आणायचं कुठून? हेलेनाबाईंकडे अख्खी नऊवारी होती.

बार्बरांनी फोनवर एक जुना फोटो दाखवला. कंबर आवळलेला, खाली छत्रीसारखा फुललेला फ्रॉक, आणि घेराच्या कडेनं सगळीकडून फिरलेला जरीचा काठ. आक्कानं काठ ओळखला. अव्वाच्या पेटीत तसल्याच काठाचा एक तुकडा होता.

"तो घालून त्या हॉलमध्ये नाचायला गेल्या," अपूर्वा सांगत होती, "आणि सगळा हॉल बघत राहिला. तिथंच यांचे वडील भेटले. पुढं त्याच कापडातून यांचे झगे निघाले, बाहुलीचे निघाले. फाटेस्तोवर वापरला म्हणे. आणि आई मरेपर्यंत एकच सांगायची..."

"काय सांगायची? बोल की."

"की कोल्हापुरात एक मुलगी आहे, ती माझा फ्रॉक घालून नाचते."

बाहेरून एक रिक्षा गेली. बार्बरा पुढं वाकल्या, त्यांनी आक्काचा हात हातात घेतला आणि हसून, मोठ्या आशेनं काहीतरी विचारलं. अपूर्वानं ते मराठीत करायला वेळ लावला. करायची गरजही नव्हती.

"नाचलात का, विचारतायत."

आक्का जन्मात खोटं बोलली नव्हती. भाड्यानं नेलेला डगला फाटका होता की नव्हता, यावर भांडायला आलेल्यांनीसुद्धा तिचा शब्द मानला होता. तिनं बार्बरांच्या डोळ्यांकडे बघितलं. एका मेलेल्या बाईचं सगळं आयुष्य त्या उत्तरावर टेकून उभं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "नाचलो की. लई नाचलो."

अपूर्वानं मान खाली घातली आणि ते तसंच्या तसं सांगितलं. बार्बरांनी आक्काला मिठी मारली. फ्रॉक न्यायला काही केल्या तयार झाल्या नाहीत. आई रागावेल, म्हणाल्या. दोघींचा एक फोटो काढला, गाडी वाट बघत होती म्हणून निघाल्या. अपूर्वा दारात घोटाळली. "आक्का, मी त्यांना सोडून येते. थांबू का नंतर?"

"जा ग तू. पोरं वाट बघत असतील."

दार ओढून घेतल्यावर दुकानात फक्त ती आणि फ्रॉक. तिला रडू आलं नाही, राग आला. आण्णांचा आला, त्यांच्या त्या खिळ्याचा आणि पत्र्याचा आला. शिडीवरून उतरलेल्या त्या दहा वर्षांच्या पोरीची कीव आली. चोरी नव्हती, आण्णा. दिलेलं होतं. आणि आता कुणीच येणार नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या जगात तिच्याकडे यायचं कुणी राहिलं नव्हतं.

तिनं कात्रीनं सुतळी कापली. बिल्ला टण्णकन फरशीवर पडला, तो तिनं उचलला नाही.

मग तिच्या मनात आलं, आपण खोटं बोललो. ते तेवढं फेडता येण्यासारखं होतं.

तिनं लुगडं सोडून खुर्चीवर घडी घातली. उपासतापासानं आणि वयानं ती पोरीएवढी उरली होती. परकर-चोळीवर फ्रॉक घातला तो अंगाला बरोबर बसला. सैल नाही, तंग नाही. गिऱ्हाइकांसाठी लावलेला आरसा भिंतीवर अजून होता. आरशात पांढऱ्या केसांची एक बाई सायीच्या रंगाच्या ढगात उभी होती. हसू येण्यासारखं होतं, पण ते तितकं वाईटही दिसत नव्हतं.

तिनं हात मागं नेला. खालचा हूक सापडला, पण बसेना. खांद्यावरून हात घातला, खांदा वर उचलला जाईना. कुशीवरून पुन्हा हात नेऊन बघितला. अवघ्या गावाच्या पोरींच्या पाठीचे हूक लावून देणारी बोटं तिच्या स्वतःच्या पाठीवर चाचपडत राहिली. असल्या कपड्याचे हूक आपले आपल्याला लावता येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मागं दुसरं माणूस लागतंच.

फोन वाजला. गल्ल्यावर ठेवला होता, तो तिनं स्पीकरवर टाकला.

"आत्या, आल्या का त्या बाई? दिला का फ्रॉक?"

"मिळाला. जिचा तिला मिळाला."

"चला, सुटलीस. मग सकाळी निघतो मी. दुपारपर्यंत पोचेन. अजून काही काम राहिलंय का तुझं?"

तिचा एक हात पाठीशी होता. ओठावर आलेलं तिनं गिळलं. "न्हाय," ती म्हणाली. "काम काय न्हाय. ये सावकाश."

फोन बंद झाल्यावर तिनं पाठीच्या दोन्ही कडा डाव्या मुठीत गच्च धरल्या आणि उजवा हात वर केला, मासिकांतल्या नट्या करायच्या तसा. मोकळ्या दुकानाच्या मधोमध ती हळूच एक गिरकी फिरली. जाळीचे थर तिच्यामागून जरा उशिरा फिरले आणि तिच्याही नंतर थांबले. पाठीच्या उघड्या फटीतून वारं लागत होतं. मूठ न सोडता ती आणखी एकदा फिरली.